एकाच बाटलीतलं फूल: साबण, मेणबत्ती आणि परफ्यूममध्ये फुलांचे सुगंध वापरताना

निशिगंधाचं सुगंधी तेल मी पहिल्यांदा साबणात घातलं तेव्हा मिश्रण अगदी हवं तसं होतं, सहज ओतता येईल इतकं पातळ. पंधरा ग्रॅम तेल घातलं, चमचा दोनदा फिरवला, रिकामी वाटी बाजूला ठेवायला वळले आणि परत बघते तर चमचा भांड्यात उभा. कुणीही न धरता. तो साबण मी शेवटी हातमोजे घालून, थापून थापून साच्यात बसवला. पुढच्या आठवड्यात त्याच बाटलीतलं तेल मेणात वापरलं आणि आजवर मी केलेल्या मेणबत्त्यांमधली सगळ्यात सुरेख मेणबत्ती झाली. अल्कोहोलमध्ये मिसळून मनगटावर लावलं तेव्हा मात्र पहिली दहा मिनिटं दरवळ, मग सगळं सपाट.

तेलात खोट नव्हती. साबणात त्याची गाठ कॉस्टिक सोड्याशी पडते, मेणबत्तीत ज्योतीशी, परफ्यूममध्ये अंगाच्या उबेशी. या तिन्ही परीक्षा इतक्या वेगळ्या आहेत की एकीत पहिला आलेला सुगंध दुसरीत नापास होऊ शकतो. म्हणून बाटली उघडून हुंगल्यावर जे आवडतं त्यावर निर्णय घेऊ नका. ज्या वस्तूत वापरायचंय त्या वस्तूत थोडंसं घालून बघा. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः हे बघणं नीट कसं करायचं याबद्दल आहे.

बाटलीत नेमकं काय असतं

फुलांच्या बाबतीत ‘मला नैसर्गिकच हवं’ हा आग्रह फार लवकर अडचणीत येतो. गुलाबाचं ऊर्ध्वपातनाने काढलेलं एक किलो तेल मिळवायला साधारण ३,००० ते ५,००० किलो पाकळ्या लागतात. त्यातही गंमत अशी की गुलाबाच्या वासातला एक मुख्य रेणू, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. त्यामुळे ऊर्ध्वपातनात तो तेलात कमी येतो आणि गुलाबपाण्यात जास्त जातो. म्हणूनच खरं गुलाबतेल पहिल्यांदा हुंगणाऱ्याला ते ताज्या गुलाबासारखं वाटत नाही आणि आपण फसलो की काय अशी शंका येते.

मोगरा, चमेली, निशिगंध यांना वाफेची उष्णता सोसत नाही. त्यांचा गंध द्रावकाने काढतात. आधी मेणासारखा गोळा मिळतो, तो अल्कोहोलने धुतला की ‘ॲब्सोल्यूट’ हाती येतं. ते अतिशय सुंदर असतं, अतिशय महाग असतं, आणि साबणात घालणं म्हणजे उधळपट्टी. काही फुलं तर आपला गंध कुठल्याच व्यवहार्य पद्धतीने देत नाहीत. लिली ऑफ द व्हॅली आणि लायलॅक ही त्यातली नावाजलेली. या नावाने मिळणारा प्रत्येक सुगंध माणसाने रेणू जुळवून उभा केलेला असतो.

फ्रॅग्रन्स ऑइल किंवा सुगंधी तेल म्हणजे हीच जुळवाजुळव. त्यात अनेक सुगंधी रेणू असतात, कधी थोडी नैसर्गिक तेलं असतात, आणि बऱ्याचदा पातळ करण्यासाठी डायप्रोपिलीन ग्लायकॉलसारखं वाहक द्रव्य असतं. ‘कृत्रिम म्हणजे घातक, नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही विभागणी इथे कामाची नाही. जिरेनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनॅलूल हे काही लोकांना ॲलर्जी करणारे रेणू आहेत आणि ते खऱ्या फुलांमध्येही असतात.

विकत घेताना वास नंतर, कागद आधी

सुगंधी तेल घेताना विक्रेत्याकडून दोन कागद मागा: इफ्राचं प्रमाणपत्र आणि सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस. ते देत नसेल तर ते तेल अंगाला लागणाऱ्या कुठल्याही वस्तूत घालू नका, मग वास कितीही मोहात पाडो. इफ्रा ही सुगंध उद्योगाची १९७३ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना आहे. कुठला सुगंधी घटक कुठल्या प्रकारच्या वस्तूत जास्तीत जास्त किती चालेल याची मानकं ती ठरवते.

प्रमाणपत्रावर वस्तूंचे गट असतात आणि प्रत्येक गटापुढे टक्केवारी. आपल्याला तीन गट लागतात. अंगावर फवारायचं परफ्यूम गट ४ मध्ये येतं, धुऊन टाकायचा साबण गट ९ मध्ये, मेणबत्ती गट १२ मध्ये. एकाच तेलाला गट १२ मध्ये १०० टक्के आणि गट ४ मध्ये जेमतेम ३ टक्के अशी मर्यादा असू शकते. ‘मेणबत्तीसाठी घेतलेलं उरलंय, परफ्यूम करून टाकू’ हा विचार इथेच थांबतो. आणि ही टक्केवारी म्हणजे सुरक्षेची कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. साबणापुढे ४० टक्के लिहिलेलं दिसलं म्हणून कुणी ४० टक्के घालत नाही.

प्रमाणपत्राची तारीखही बघा. फुलांच्या सुगंधात पूर्वी सर्रास वापरला जाणारा लिलिअल हा रेणू युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. त्याआधी, २०२१ मध्ये, लिली ऑफ द व्हॅलीच्या वासासाठी वापरला जाणारा लायरल बाद झाला. त्यामुळे कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या जुन्या बाटलीत हे रेणू असू शकतात. अशा बाटलीतलं तेल मी अंगाच्या वस्तूंना वापरत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवा: व्हॅनिलिनचं, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाच्या रेणूचं, प्रमाण आणि ज्वलनांक. पहिली साबणाचा रंग ठरवते. दुसरीबद्दल मेणबत्तीच्या भागात सांगते, कारण तिच्याबद्दल भलताच गैरसमज आहे.

थेंब मोजू नका, वजन करा

‘वीस थेंब गुलाब, दहा थेंब मोगरा’ अशा कृती जिकडेतिकडे दिसतात. थेंबाचा आकार ड्रॉपरच्या तोंडावर, तेलाच्या दाटपणावर आणि त्या दिवशीच्या तापमानावर ठरतो. माझ्याकडच्या दोन ड्रॉपरचे वीस-वीस थेंब काट्यावर ठेवले तेव्हा एकाचं वजन दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट भरलं. साबण आणि मेणबत्तीसाठी १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा चालतो. सुगंधी तेलासाठी, आणि परफ्यूमसाठी तर नक्कीच, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. या छंदात एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल तर तो काट्यावर करा, दहाव्या सुगंधाच्या बाटलीवर नको.

भांडी स्टीलची किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनची. ॲल्युमिनियम अजिबात नको. कॉस्टिक सोडा त्याला खातो आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो.

साबण: इथे फुलं सगळ्यात जास्त त्रास देतात

अगदीच नवे असाल तर वितळवून ओतायच्या तयार साबण-बेसपासून सुरुवात करा. बेस वितळवा, ६० अंश सेल्सिअसच्या खाली येऊ द्या, १ ते २ टक्के सुगंध घाला, ढवळा, ओता. कॉस्टिकचं काम आधीच झालेलं असल्यामुळे फुलांचे नखरे इथे दिसत नाहीत. याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

थंड पद्धतीचा, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र करून केलेला साबण मात्र वेगळं प्रकरण आहे. इथे फुलांचं तेल तीन प्रकारे छळतं. एक, मिश्रण भराभर घट्ट होतं, कधी चमचा उभा राहण्याइतकं. दोन, रंग बदलतो. तीन, वासच बदलतो किंवा उडून जातो.

घट्ट होण्याचा धोका निशिगंध, लायलॅक, हायसिंथ, कार्नेशन, यलांग-यलांग अशा जड किंवा मसालेदार झाक असलेल्या फुलांत जास्त. लवंगेत असणारा युजेनॉल हा रेणू यासाठी कुप्रसिद्ध आहे आणि कार्नेशनच्या वासाचा कणाच तो आहे. लॅव्हेंडर त्या मानाने शहाणं.

रंगाचं म्हणाल तर व्हॅनिलिन साबणाला तपकिरी करतं, आणि तेही लगेच नाही. साबण कापताना पांढराशुभ्र असतो, आठवड्याने फिकट बदामी होतो, महिन्याने चॉकलेटी. मोगऱ्या-चमेलीच्या वासातला इंडोल गुलाबी-तांबूस झाक आणू शकतो. नारिंगाच्या फुलांच्या आणि निशिगंधाच्या वासात असणारा मिथाइल अँथ्रानिलेट पिवळ्या-केशरीकडे नेतो. पांढरा रंग घालून हे झाकायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा फिक्या तपकिरी साबणावर समाधान मानलं. त्यापेक्षा तो रंग येणार हे धरूनच साबण आखावा. अर्धा भाग सुगंधाचा गडद, अर्धा बिनवासाचा पांढरा अशी रचना छान दिसते. मात्र काही आठवड्यांत सीमारेषेवर तपकिरी रंग थोडा पाझरतो, हेही लक्षात असू द्या.

वासाचं म्हणाल तर एस्टर जातीचे रेणू, उदाहरणार्थ मोगऱ्याच्या गोडव्यामागचा बेंझाइल ॲसिटेट, कच्च्या मिश्रणातल्या कॉस्टिकपुढे काही प्रमाणात तुटतात. गुलाबाचा फिनाइल इथाइल अल्कोहोल मात्र तग धरतो. साबणात गुलाब टिकतो आणि मोगरा बिचारा कोमेजतो, तो यामुळे.

आता चाचणीचा घाणा. मी तो मुद्दाम असा बसवलाय की एकाच वेळी चार सुगंध बघता येतात:

ऑलिव्ह तेल २७५ ग्रॅम, खोबरेल १५० ग्रॅम, शिया बटर ५० ग्रॅम, एरंडेल २५ ग्रॅम. एकूण ५०० ग्रॅम. त्यासाठी कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, ७० ग्रॅम आणि शुद्ध पाणी १८० ग्रॅम. यात ५ टक्के तेल जास्तीचं ठेवलं आहे, म्हणजे तेवढं तेल साबण न होता तसंच उरतं. एकही तेल बदललंत तर कॉस्टिकचा आकडा बदलतो, त्यामुळे लाय कॅल्क्युलेटरवर, म्हणजे तेलांवरून कॉस्टिकचं वजन काढून देणाऱ्या गणकावर, हिशेब पुन्हा करा. या घाण्याचा हिशेबही एकदा स्वतः पडताळून बघा, ती सवयच चांगली. पाणी मी नेहमीपेक्षा थोडं जास्त धरलंय, कारण पाणी जास्त असलं की मिश्रण सावकाश घट्ट होतं.

सगळं मिळून ७५० ग्रॅम भरतं. पाच पेले घेतले तर प्रत्येकात १५० ग्रॅम मिश्रण आणि त्यात १०० ग्रॅम तेल. म्हणजे ३ टक्के सुगंध घालायचा तर पेल्याला बरोबर ३ ग्रॅम.

१. गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. खिडकी उघडी, मुलं आणि पाळीव प्राणी खोलीबाहेर. कॉस्टिक नेहमी पाण्यात सोडायचा, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही. द्रावण एकदम तापतं आणि त्यातून निघणारी वाफ घशाला लागते, त्यामुळे तोंड लांब ठेवा.

२. तेलं वितळवून ३५ ते ४० अंशांवर येऊ द्या. कॉस्टिकचं पाणीही तेवढंच थंड होऊ द्या. फुलांच्या बाबतीत हे तापमान महत्त्वाचं, कारण मिश्रण जितकं गरम तितकं ते लवकर आवळतं.

३. चार वाट्यांत चार सुगंध प्रत्येकी ३ ग्रॅम आधीच मोजून ठेवा. मिश्रण तयार झाल्यावर बाटल्यांची झाकणं उघडत बसायला वेळ नसतो.

४. कॉस्टिकचं पाणी तेलात ओता आणि हँड ब्लेंडर थोडा थोडा, थांबून थांबून फिरवा. तेल वेगळं दिसेनासं झालं, मिश्रण एकजीव पण पातळ दिसलं की थांबा. पृष्ठभागावर रेघ उमटण्याची, म्हणजे जाड ट्रेसची, वाट बघू नका.

५. पाच पेल्यांत वाटून घ्या. चारांत एकेक सुगंध घाला आणि चमच्याने हाताने ढवळा. इथे ब्लेंडर लावलात तर घट्ट होण्याचा दोष सुगंधाचा की ब्लेंडरचा हे कळणार नाही. पाचवा पेला बिनवासाचा ठेवा. बाकीचे चार किती बदलले हे त्याच्याशी ताडून बघायचं असतं.

६. प्रत्येक पेल्याला घट्ट व्हायला किती वेळ लागला ते लिहा. ‘लवकर झाला’ असं नको, ‘४० सेकंद’ असं हवं.

७. दुसऱ्या दिवशी किंवा घट्ट झाल्यावर, हातमोजे घालूनच, बाहेर काढा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरू द्या. रंग आणि वास पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने नोंदवा.

मिश्रण दाणेदार झालं, म्हणजे भाताच्या शितांसारखे कण दिसू लागले, तर घाबरू नका. ब्लेंडर काही सेकंद फिरवला की बहुतेक वेळा ते एकजीव होतं. चमचा उभा राहिला तर मात्र झगडू नका. भांडं झाकून मंद आचेवर दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. मिश्रण तापून जेलीसारखं पारदर्शक व्हायला लागलं की पुन्हा मऊ पडतं. मग ते चेपून साच्यात भरता येतं. माझा निशिगंधाचा साबण मी थंडच थापला होता, त्यात पोकळ्या राहिल्या. ही युक्ती तेव्हा माहीत असती तर तो घाणा दिसायलाही बरा झाला असता.

सुकलेल्या पाकळ्यांबद्दल एकच. गुलाबाच्या पाकळ्या आणि लॅव्हेंडरच्या कळ्या साबणात तपकिरी-काळपट होतात. कॅलेंड्युलाच्या पाकळ्या आपला पिवळा-केशरी रंग राखतात.

मेणबत्ती: थंड वास आणि पेटल्यावरचा वास

मेणबत्तीला दोन वास असतात. न पेटवता येणारा आणि पेटल्यावर खोलीत पसरणारा. पहिला छान असून दुसरा गायब, ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी तक्रार. आणि त्यावरचा सगळ्यात चुकीचा उपाय म्हणजे तेल वाढवणं.

मेण ठरावीक प्रमाणातच तेल धरून ठेवतं. बऱ्याच सोया मेणांसाठी ६ ते १० टक्के हे कामाचं माप आहे. त्या मेणाची कमाल मर्यादा निर्मात्याच्या माहितीत असते, ती पाळा. त्यापुढे गेलात की मेणबत्तीच्या अंगावर तेलाचे थेंब येतात, वात तुंबते, काजळी धरते आणि ज्योत एकतर मरगळते किंवा भडकते. अति तेथे माती म्हणतात ते मेणबत्तीत डोळ्यांनी दिसतं.

कृती अशी. १६० ग्रॅम सोया मेण घ्या. ८ टक्के म्हणजे १२.८ ग्रॅम सुगंध मोजून ठेवा. मेण थेट आचेवर नको, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. थर्मामीटर लावून ठेवा आणि तिथून हलू नका. अनेक सोया मेणांत सुगंध ८० ते ८५ अंशांच्या आसपास घालतात, पण तुमच्या मेणाचं माहितीपत्रक वेगळं सांगत असेल तर ते प्रमाण माना. आच बंद करा, सुगंध घाला आणि पूर्ण दोन मिनिटं हळूहळू ढवळा. दोन मिनिटं फार लांबतात, घड्याळ लावा. इथे घाई केली की तेल तळाशी बसतं आणि वरचा अर्धा भाग बिनवासाचा जळतो. मग साधारण ५५ ते ६० अंशांवर येऊ द्या आणि वात मध्यभागी बसवलेल्या भांड्यात ओता.

आता ज्वलनांकाबद्दल. ‘तेलाचा ज्वलनांक ६५ अंश आहे, म्हणजे ६५ च्या वर घातलं तर वास उडून जाईल’ असं खूप जण सांगतात. ज्वलनांक म्हणजे ज्या तापमानाला त्या द्रवाची वाफ बाहेरच्या ठिणगीने पेटू शकते ते तापमान. वास उडण्याचं ते माप नाही. मेण ८० अंशांवर असताना ६५ ज्वलनांकाचं तेल घालून ढवळलं तर वास नाहीसा होत नाही. पण जवळ उघडी ज्योत असेल तर तो खरा धोका आहे. गॅसच्या शेगडीपेक्षा विजेची हॉटप्लेट मला त्यासाठीच बरी वाटते. आणि मेण पेटलंच तर त्यावर पाणी कधीही टाकू नका, भडका उडतो. भांड्यावर झाकण टाकून हवा तोडा. ते झाकण आधीपासून हाताशी हवं.

सोया मेणबत्ती झाल्या झाल्या पेटवू नका. एक-दोन आठवडे झाकून मुरू द्या. मुरलेली आणि न मुरलेली अशा दोन शेजारी पेटवून बघा, फरक सांगावा लागणार नाही.

तरीही पेटल्यावर वास येत नसेल तर वातीकडे बघा. वात बारीक असली की मेणाचं तळं छोटं राहतं, मध्ये बोगदा पडतो आणि कडेचं मेण, त्यातल्या सुगंधासकट, तसंच उरतं. भांड्याच्या व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास, या हिशेबाने तळं कडेला पोचायला हवं. चार तासांतही पोचलं नाही तर वात जाड घ्या. प्रत्येक वेळी पेटवण्याआधी वात ५-६ मिलिमीटरवर कापा आणि सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नका. आणि सुगंध बदलला की वात पुन्हा तपासायची. त्याच मेणात, त्याच भांड्यात गुलाबाला चालणारी वात निशिगंधाला चालेलच असं नाही, कारण प्रत्येक तेल वेगळ्या चालीने जळतं.

उष्णतेत मोगरा-चमेलीची गडद बाजू पुढे येते. इंडोल अगदी थोडा असला की फूल जिवंत वाटतं, जास्त झाला की डांबरगोळीची आठवण होते. थंड असताना मादक वाटणारा मोगरा बंद खोलीत तासाभराने डोकं उठवतो तो असा. त्यावर माझा उपाय म्हणजे एकूण सुगंधात तीन भाग मोगरा आणि एक भाग एखादा हिरव्या पानांसारखा किंवा लिंबाळ वास.

मेणात सुकी फुलं रोवू नका. फोटोत सुंदर दिसतात, पण तळं तिथवर पोचलं की पाकळी दुसरी वात होते. सजावट हवी तर भांड्याच्या बाहेरून.

परफ्यूम: इथे एकटं फूल पुरत नाही

साबणात आणि मेणबत्तीत एकच सुगंधी तेल घालून भागतं. अंगावर मात्र नुसता गुलाब काही वेळाने पातळ, कागदी वाटू लागतो. फुलांचा गंध बहुतेक मधल्या पट्टीत असतो. त्याला वर उघडायला काहीतरी हलकं लागतं आणि खाली धरून ठेवायला चंदन, मस्क, लोबान असं काहीतरी जड.

द्रावक म्हणून परफ्यूमसाठी मिळणारा इथाइल अल्कोहोलच घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलला स्वतःचा दवाखानी वास असतो, तो फुलांवर कुरघोडी करतो. सॅनिटायझरही नको. तेलातलं अत्तर हवं असेल तर होहोबा तेल चांगलं, त्याला वास जवळजवळ नसतो आणि ते लवकर खवट होत नाही. पण ग्लायकॉलने पातळ केलेली सुगंधी तेलं होहोबात नीट मिसळत नाहीत, मिश्रण धुरकट होतं किंवा थर सुटतात. आधी एका छोट्या कुपीत बघून घ्या.

सुरुवात थेट मिसळण्याने नको. शोषक कागदाच्या पट्ट्या घ्या, प्रत्येकीला एकेक सुगंध लावा, नाव आणि वेळ लिहा आणि पंख्यासारख्या एकत्र धरून नाकासमोरून हलवा. पट्ट्या पुढेमागे करून कुठला वास वरचढ होतोय ते बघता येतं, एक थेंबही वाया जात नाही. दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुंगा. सकाळी उरतो तो तुमचा खरा तळ.

मी अनेकदा ज्या मापापासून सुरुवात करते ते असं: गुलाब १.० ग्रॅम, मोगरा ०.३, चंदन ०.४, बर्गमॉट ०.२, मस्क ०.१. एकूण २ ग्रॅम. त्यात ८ ग्रॅम अल्कोहोल घातला की १० ग्रॅम परफ्यूम तयार, सुगंध २० टक्के. बर्गमॉट हे लिंबूवर्गीय तेल बर्गाप्टेन, म्हणजे उन्हात त्वचेला त्रास देणारा रेणू, काढलेलं घ्या. साधं बर्गमॉट लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.

मिसळण्याआधी इफ्राचा हिशेब करा. १० ग्रॅममध्ये १ ग्रॅम गुलाब म्हणजे १० टक्के. समजा त्या तेलाची गट ४ ची मर्यादा ४० टक्के आहे, तर तुम्ही तिचा पाव भाग वापरला: ०.२५. मोगरा ३ टक्के, मर्यादा १२ असेल तर पुन्हा ०.२५. चंदन ४ टक्के, मर्यादा २० तर ०.२०. बर्गमॉट २ टक्के, मर्यादा २० तर ०.१०. मस्क १ टक्का, मर्यादा २० तर ०.०५. बेरीज ०.८५. ही बेरीज १ च्या आत ठेवा. प्रत्येक तेल आपापल्या मर्यादेत असूनही एकच रेणू दोन-तीन तेलांत असू शकतो, आणि असा हिशेब ठेवला की तो एकत्र होऊनही मर्यादा ओलांडत नाही.

सुगंधी तेलं आधी आपापसात मिसळून दोन दिवस ठेवा, मग अल्कोहोल घाला. गडद काचेच्या बाटलीत, अंधारात, दोन ते चार आठवडे मुरू द्या. ताज्या मिश्रणात अल्कोहोलचा टोचरा झोत असतो आणि सुगंध सुटे सुटे वाटतात. मुरल्यावर ते एकमेकांत मिसळतात. शेवटी एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा, गढूळपणा दिसला तर थंड असतानाच कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. अल्कोहोल सहज पेट घेतो, त्यामुळे हे काम देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून, शेगडीपासून आणि पेटत्या मेणबत्तीपासून दूर.

अंगावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून ४८ तास थांबा. खाज, लाली, पुरळ आली तर ते मिश्रण तुमच्यासाठी नाही. न पातळ केलेलं सुगंधी तेल थेट त्वचेवर लावू नका.

नाक आणि बाटल्या

फुलांवर काम करताना नाक फसवतं, आणि व्हायोलेट तर सगळ्यात जास्त. त्याच्या वासाचा रेणू आयोनोन, जो टीमन आणि क्रूगर या रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ साली तयार केला, हुंगता हुंगता जाणवेनासा होतो आणि थोड्या वेळाने अचानक पुन्हा येतो. बाटलीत वासच नाही असं समजून मी एकदा दुप्पट तेल घातलं होतं. घरात येणारा प्रत्येक जण आठवडाभर दारातच थबकत होता. आता शंका आली की मी हातातलं सोडून दहा मिनिटं बाहेर जाते, किंवा बिनवासाच्या अंगाचा, स्वतःच्या कोपराचा वास घेते. एका बैठकीत पाच-सहा सुगंधांच्या पुढे जात नाही.

बाटल्यांचे शत्रू तीन: उजेड, उष्णता, हवा. लिनॅलूल हवेत हळूहळू ऑक्सिडीकृत होतो आणि तेव्हा तयार होणारे पदार्थ त्वचेला मूळ रेणूपेक्षा जास्त त्रास देतात. म्हणून अर्धी संपलेली मोठी बाटली तशीच ठेवण्यापेक्षा उरलेलं तेल लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरा. झाकणावर उघडल्याची तारीख, बुडावर बॅच क्रमांक. वासात खवटपणा किंवा टर्पेंटाइनसारखी झाक आली, तेल दाट झालं किंवा रंग फार गडद झाला की ती बाटली त्वचेच्या कामातून काढून टाका.